सोळा कोअरचा सोफा

त्यांना सगळे वकील म्हणत. कायद्याचं पुस्तक त्यांनी जन्मात उघडलं नव्हतं. कोर्टात एकदाच गेले होते, तेही आवारातल्या दुकानात फोटोकॉपी स्वस्त मिळते म्हणून. ते होते लॅपटॉपच्या दुकानातले विक्रेते. एकोणीस वर्षं एकाच काउंटरमागे उभे राहून त्यांच्या डाव्या टाचेला घट्टा पडला होता आणि जिभेला धार आली होती. समोर गिऱ्हाईक आलं की ते मशीन दाखवत नसत, आधी उलटतपासणी घेत.

"नऊवाला दाखवा," गिऱ्हाईक छाती काढून म्हणे.

"दाखवतो. काम काय करता?"

"काम म्हणजे... ऑफिसचं."

"सकाळी मशीन उघडलं की पहिलं काय उघडता?"

"मेल."

"मग?"

"मग... चहा."

"चहाला प्रोसेसर लागत नाही. पुढे?"

अशा दहा-बारा प्रश्नांनंतर छाती काढून आलेला माणूस खांदे पाडून पाचवाला घेऊन जाई, आणि वर वकिलांचे आभार मानून जाई. प्रोसेसरचं तीन, पाच, सात, नऊ हे गणित लोकांना फार सोपं वाटतं. सात पाचापेक्षा मोठा, नऊ सातापेक्षा मोठा, संपलं. वकिलांचं म्हणणं असं, की आकड्यावर जाऊ नका. पाच वर्षांपूर्वीच्या सातवाल्याला आजचा पाचवाला हसत हसत मागे टाकतो. "प्रोसेसर म्हणजे घरातली राबणारी माणसं," ते सांगत. "किती जण आहेत ते बघा, म्हणजे कोअर. किती चपळ आहेत ते बघा. आणि मुख्य म्हणजे, तुमच्या घरात काम किती आहे? दोघांचा स्वयंपाक करायला सोळा आचारी आणले, तर चौदा जण नुसते ओट्याला टेकून उभे राहतील. त्यांच्या चहापाण्याचा खर्च मात्र तुमचा."

हे ऐकून बायका हसत, पुरुष मान डोलावत आणि मालक आतल्या केबिनमध्ये दातओठ खात. नऊवाली दोन मशीनं सहा महिने मांडणीत धूळ खात पडली होती. घ्यायला येई त्याला वकील पटवून परत पाठवत.

पण मालकांना बोलता येत नसे, कारण परतीचं कपाट. ही मालकांचीच अक्कल. दुकानात नियम होता: घेतलेलं मशीन कामाला जुळलं नाही तर सात दिवसांत खोक्यासकट आणा, बदलून घ्या. आलेलं मशीन दाराजवळच्या काचेच्या कपाटात ठेवायचं. कपाटाला चार कप्पे, चार विक्रेत्यांचे. मशीनला चिठ्ठी लावायची, त्यावर विक्रेत्याचं नाव आणि परतीचं कारण, ते मशीन दुसऱ्या कुणी नेईपर्यंत. येणारं-जाणारं गिऱ्हाईक वाचणार, विक्रेत्याचे कान लाल होणार, पुढच्या वेळी तो नीट विकणार, असा हिशोब. बाकी तिघांचे कप्पे कधी रिकामे नसत. वकिलांच्या कप्प्यात एकोणीस वर्षांत एकही मशीन बसलं नव्हतं. तिथे ते स्वतःचा जेवणाचा डबा ठेवत, काचेतून सगळ्यांना दिसेल असा. आता डबा ठेवायला मागे खोली होती, खोलीत फळी होती. पण माणसाला काहीतरी मिरवायला हवं असतं. कुणी मुलांचे मार्क मिरवतं, कुणी गुडघ्याचं ऑपरेशन. वकील डबा मिरवत.

तर एका रविवारी वकिलांचे जावई दुकानात आले.

जावई वाचनालयात नोकरीला. स्वभावाने गरीब, आणि बोलण्याआधी दोन-तीन सेकंद धाव घेणारे. लांब उडीवाले घेतात तशी. त्यांचं वाक्य हवेत उडायच्या आत समोरच्याचं बोलून झालेलं असे.

"बाबा, घरी एक लॅपटॉप घ्यायचाय. म्हणजे ती म्हणत होती की, नऊ—"

"जावईबापू, तुम्हीसुद्धा?" वकील असे काही दुखावले की जावयांनी शब्द गिळला. "बसा. घरचे असलात तरी प्रश्न सगळ्यांना सारखेच. काम काय?"

"पुस्तकांच्या याद्या. पत्रं. कधी मॅच बघतो."

"एकदम किती खिडक्या उघडता?"

"दोन. पण बाबा, मशीन मुख्यतः तिला—"

"तिचं मला नका सांगू, माझीच मुलगी आहे. फर्निचरच्या ऑफिसात पडद्यांचे, गाद्यांचे नमुने सांभाळते. चार फोटो, चार मेल. तिचं काम तुमच्याहून हलकं."

जावयांनी पुन्हा धाव घेतली, पण तोवर खोकं काउंटरवर आलं होतं. पातळ, चंदेरी, एका हातात मावणारं. नव्या पिढीतला पाचवाला, कमी वीज खाणारा. दोन कोअर चपळ, आठ सावकाश. "बॅटरी दिवसभर. पंख्याचा आवाज नाही. याच्यापेक्षा मोठं तुम्हाला कुणी विकलं तर त्याचं नाव मला सांगा," वकील म्हणाले, आणि संध्याकाळी दुकान सुटल्यावर स्वतः लेकीच्या घरी जाऊन मशीन चालू करून दिलं. लेकीने झाकण उघडलं, खालच्या कोपऱ्यातला स्टिकर वाचला, नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने छताकडे पाहिलं.

"छान आहे, बाबा," ती म्हणाली.

"हलकं आहे की नाही?"

"खूपच हलकं आहे."

वकील खुशीत घरी गेले.

बुधवारी दुकानाला सुट्टी. बायकोने लेकीसाठी विणलेला स्वेटर वकिलांच्या हाती दिला आणि म्हणाली, "देऊन या. आणि दोन मिनिटं बसा तिच्याशी. पोस्टमनसारखं दारातनं परत येऊ नका."

लेकीच्या घराचं दार उघडंच होतं. आतून घरघर आवाज येत होता. वकील आत गेले आणि दारातच थबकले. खोलीच्या मधोमध टेबल. टेबलावर दोन वाडगे उपडे घातलेले, त्यांवर ते चंदेरी मशीन विराजमान. टेबलपंखा त्याच्या पाठीला टेकवून पूर्ण वेगात सोडलेला. बाजूला लेक हातात पुठ्ठा घेऊन वारा घालतेय. तीन दिवस रजा काढून ती घरी बसली होती, हे वकिलांच्या गावीही नव्हतं.

"काय गं, ताप आलाय का त्याला?"

लेक दचकली. तिने पुठ्ठा पाठीमागे लपवला, शाळेत असताना प्रगतिपुस्तक लपवायची तसा. "काही नाही, बाबा. बसा ना. चहा टाकते."

वकिलांनी मशीनवर हात ठेवला आणि झटकन उचलला. पडद्यावर एक सोफा होता. अर्धा सोफा लख्ख दिसत होता, अगदी शिवणीचा धागासुद्धा. उरलेला अर्धा रेती उधळल्यासारखा. खाली बारीक अक्षरं होती: शिल्लक वेळ, आठ तास चाळीस मिनिटं.

"कशाला शिल्लक?"

"चित्र पूर्ण व्हायला."

"कुठलं चित्र? कुणी काढलंय?"

"मी."

वकील खुर्चीत बसले. तोंडात पहिला प्रश्न आपोआप आला, कारण एकोणीस वर्षांची सवय. "काम काय करतेस तू?"

लेकीने पंख्याचा आवाज थोडा कमी केला. "आमचं ऑफिस फर्निचर बनवायच्या आधी त्याची चित्रं छापतं. सोफा अजून बनलेलाच नसतो. मी तो कॉम्प्युटरमध्ये उभा करते, खोली करते, खिडकी करते. मग खिडकीतून ऊन आलं तर ते कापडावर कसं पडेल, तिथून उडून भिंतीवर कसं जाईल, ते सगळं मशीन मोजत बसतं. एकेक किरण. मोजून झालं की फोटोसारखं चित्र मिळतं. त्याला रेंडर म्हणतात."

"आणि गाद्यांचे नमुने?"

"ते सोडून दीड वर्ष झालं, बाबा."

"मला कुणी बोललं नाही!"

"मी बोलले होते. तुमच्याकडे जेवायला आलो होतो तेव्हा. तुम्ही म्हणालात, 'मीठ दे.'"

मीठ मागितल्याचं वकिलांना आठवत होतं.

एवढ्यात जावई जेवायच्या सुट्टीत घरी आले. सासरे समोर, मशीन वाडग्यांवर, बायकोच्या हातात पुठ्ठा. एका नजरेत त्यांना सगळं कळलं आणि ते चपला न काढता परत वळू लागले.

"थांबा, जावईबापू. साक्षीदाराने पळायचं नाही. तुम्ही रविवारी 'नऊ' म्हणालात ते काय होतं?"

जावयांनी धाव घेतली. या वेळी मध्ये कुणी बोललं नाही, त्यामुळे त्यांची बिचाऱ्यांची पंचाईत झाली. एवढी मोकळी जागा त्यांना सवयीची नव्हती. पण मग बोलले ते भडाभडा. ऑफिसात दीड वर्ष ही चित्रांच्या विभागात मदतनीस आहे, आता तिथलं मुख्य टेबल रिकामं झालंय. हिने आठ चित्रं शुक्रवारी संध्याकाळपर्यंत दिली तर ते टेबल कायमचं हिचं, नाही दिली तर बाहेरची एक बाई येणार, तिचं बोलणं झालेलंही आहे. ऑफिसातल्या मोठ्या मशीनवर एक जुने साहेब ठाण मांडून बसलेत, ते लघवीला जातानासुद्धा पासवर्ड लावून जातात. म्हणून घरी मशीन घ्यायचं ठरलं. आणि या मशीनवर एका चित्राला चौदा तास लागतात.

"किती झाली?"

"पहिले दोन दिवस सगळ्या खोल्या उभ्या करण्यातच गेले. एक झालं. हे दुसरं," लेक म्हणाली.

वकिलांनी मनात भागाकार केला. शुक्रवार संध्याकाळपर्यंत मशीन अखंड चालवलं तरी पाच. साडेपाच धरा. आठ नाहीतच.

"मग रविवारीच का नाही सांगितलंस? हे चालणार नाही म्हणून?"

लेक पुठ्ठ्याची कड सोलत राहिली. बोलले ते जावई. "ती म्हणाली, बाबांच्या कप्प्यात लॅपटॉप जाईल. डबा कुठे ठेवतील?"

आता कुणालाही वाटेल, की वकील तिथल्या तिथे उठले आणि मशीन बगलेत मारून निघाले. तसं काही झालं नाही. एकोणीस वर्षांची अब्रू अशी सहज सुटत नाही. वकिलांनी आधी सगळ्या पळवाटा शोधल्या.

"रॅम वाढवू आपण."

"रॅम पुरेशी आहे, बाबा. मोजून बघितलं."

"खाली पंख्याचं स्टँड लावू. गरम झालं की ते आपोआप सावकाश होतं."

"स्टँड कशाला, टेबलपंखाच लावलाय की. चौदा तास पंखा लावूनच आहेत. नाहीतर सतरा."

"सोफा लहान कर."

"बाबा!"

"बरं, मग सातवाला घे. बारा कोअरचा. नऊवाला म्हणजे फार—"

लेक उठून त्यांच्या समोर येऊन बसली. आवाज तिने चढवला नाही. पण भुवई त्यांच्यासारखीच उचलली. "हे चित्र म्हणजे एका माणसाचं काम नाही. मशीन चित्राचे तुकडे करतं आणि प्रत्येक कोअरला एकेक वाटून देतं. एकाचा तुकडा संपला की तो लगेच पुढचा घेतो. कुणी कुणासाठी थांबत नाही. जितके जास्त, तितकं लवकर. आमचं सॉफ्टवेअर सगळं प्रोसेसरवरच मोजतं. बारा कोअरचं मशीन एका मैत्रिणीकडे आहे, तिच्या कामातून अर्धा तास मागून लावून पाहिलं, त्या हिशोबाने चार तास लागतात. सोळाच्या मशीनला अडीच. उद्या दुपारी सुरू केलं तर सहा चित्रं शुक्रवारी पहाटेपर्यंत होतात, आणि चुका दुरुस्त करायला दिवस उरतो. बाराच्या मशीनला दुपार होते, आणि एक जरी बिघडलं तर पुन्हा काढायला वेळ नाही. बिघडतंच एखादं." ती थांबली. "इथे ओट्याला टेकून कुणी उभं राहणार नाही, बाबा. सोळाच्या सोळा राबतील."

वकिलांनी पुन्हा त्या रेतीतल्या सोफ्याकडे पाहिलं. शिल्लक वेळ आठ तास चौतीस मिनिटांवर आला होता. इतक्या मुद्देसूद उत्तरांचं गिऱ्हाईक त्यांना एकोणीस वर्षांत भेटलं नव्हतं.

"खोकं कुठे आहे?" शेवटी त्यांनी विचारलं.

जावयांचा चेहरा उजळला. घरात येणाऱ्या प्रत्येक वस्तूचं खोकं जपून ठेवायची त्यांना खोड होती, आणि त्यावरून बायकोची रोज बोलणी खायची. ते धावत जाऊन माळ्यावरून खोकं घेऊन आले, आतल्या पिशवीला गाठ मारायच्या तारेसकट.

दुसरं चित्र रात्री पुरं होऊ दिलं, आणि गुरुवारी सकाळी दहा वाजता वकील खोकं घेऊन दुकानात शिरले. मालक नुकतेच येऊन खुर्ची पुसत होते.

"काय हे? कुणाचं?"

"परत."

"कुणी विकलेलं?"

"मी."

मालकांनी फडका खाली ठेवला. मग ते केबिनमधून बाहेर आले, काउंटरला वळसा घालून समोर आले आणि दोन्ही हात कमरेवर ठेवून उभे राहिले. अशी सकाळ रोज येत नाही, ती सावकाश उपभोगावी, असा त्यांचा विचार दिसला.

"गिऱ्हाईक कोण?"

"माझी मुलगी."

मालक हसले. हसता हसता ठसका लागला. बिलिंगवालीने पाणी आणून दिलं, ते पिताना पुन्हा हसले आणि पाणी नाकात गेलं. वकिलांनी खोकं काउंटरवर ठेवलं. हसण्याला काही इलाज नसतो, ते ओसरेपर्यंत थांबावं लागतं.

"जाऊ दे रे," डोळे पुसत मालक म्हणाले. माणूस तसा वाईट नव्हता. "घरचा मामला आहे. चिठ्ठीवर कशाला नाव? मागच्या खोलीत ठेव, मी बघतो."

"नियम तुमचाच आहे."

"माझा आहे म्हणूनच मोडतोय."

वकिलांनी ऐकलं नाही. कपाट उघडून त्यांनी डबा बाहेर काढला, मशीन आत ठेवलं आणि चिठ्ठी लिहायला घेतली. नाव लिहिलं. कारणाशी पेन अडलं. बाकीच्या तिघांची कारणं ठरलेली असत: गिऱ्हाईकाचं मन बदललं, गिऱ्हाईकाला रंग आवडला नाही, गिऱ्हाईकाने नीट सांगितलं नाही. वकिलांनी लिहिलं: 'प्रोसेसर चुकीचा. विक्रेत्याने वापरणाऱ्याला विचारलं नाही.' आणि काच ओढून घेतली.

"आता ते नऊवालं द्या. सोळा कोअरचं."

"अरे वा!" मालक सरसावले. ही संधी ते सोडणार नव्हते. "दाखवतो. काम काय करता?"

"साहेब, घाई आहे."

"प्रश्न सगळ्यांना सारखेच. सकाळी मशीन उघडल्यावर पहिलं काय उघडता?"

"सोफा," वकील म्हणाले.

मशीन मालकांनीच मांडणीतून उतरवलं, सहा महिन्यांची धूळ स्वतःच्या रुमालाने पुसली. चांगलं जाडजूड धूड होतं, दोन हातांनी उचलावं लागलं. बाराच्या आत ते लेकीच्या टेबलावर होतं, वाडगे परत स्वयंपाकघरात गेले होते. साडेबाराला तिसरं चित्र सुरू झालं. मशीनने असा काही आवाज केला की शेजारीण दार वाजवून विचारून गेली, पिठाची गिरणी घातली का.

शुक्रवारी संध्याकाळी आठ चित्रं ऑफिसात गेली. सात तिथल्या तिथे पसंत पडली. आठव्यात खुर्चीची सावली उजव्या बाजूला हवी होती ती डावीकडे पडली होती, ते तिथे बसूनच बदलायला सांगितलं. टेबल लेकीला मिळालं. त्या बाहेरच्या बाईंना काय कळवलं, ते आपल्याला ठाऊक नाही. वाईट वाटलं असेल.

ही बातमी वकिलांना बायकोकडून कळली. त्या घरात लेकीची बातमी नेहमी आईकडेच येई, आणि आई तिला पाहिजे तेवढी पुढे सरकवी.

"अहो, ऐकलंत का? मिळालं तिला टेबल."

"बरं झालं. म्हणजे आता ती कोण झाली? हुद्दा काय?"

"मला काय माहीत? काहीतरी इंग्रजी आहे लांबलचक."

"तू विचारलं नाहीस?"

बायकोने त्यांच्याकडे असं पाहिलं, की वकिलांनी मुकाट्याने स्वतःचा फोन उचलला. लेकीचा नंबर त्यांना शोधावा लागला. इतकी वर्षं बायको बोलून झाल्यावर फोन त्यांच्या कानाला लावी, ते "बरी आहेस ना?" म्हणून परत देत. नंबर लावून ते बाल्कनीत गेले, बिलाच्या पाठकोऱ्या कागदांची चवड आणि पेन घेऊन.

"हां, मी बोलतोय. नाही, आईला काही झालेलं नाही. ती आत आहे. मीच केलाय. तुझा हुद्दा काय तो सांग. सावकाश. हां, लिहिलं. आता मला सांग, खिडकीतलं ऊन कुठल्या वेळचं ते कोण ठरवतं? तूच? आणि कापड सुती असलं तर किरण वेगळा उडतो का? का? थांब, लिहून घेतो. मखमल असली तर?"

बायको दारात येऊन उभी राहिली. तिला वाटलं दोन मिनिटांत फोन परत येईल, म्हणून हात पुढे करूनच उभी होती. पाच मिनिटांनी तिने हात खाली घेतला. पंधरा मिनिटांनी ती आत जाऊन आपलं विणकाम घेऊन बसली. तिसरा कागद उलटला तेव्हा पलीकडून लेकीचा आवाज बाल्कनीबाहेरही ऐकू आला.

"बाबा, बाकीचं रविवारी येऊन विचारा. मला सोमवारचं चित्र लावायचंय."

"बरं, बरं. एकच शेवटचं," वकील म्हणाले. "तो सोफा खराखुरा बनणार कधी? त्यावर बसून बघायचंय मला."